बिनशिट्टीचा प्रशिक्षक

१९४३ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडाड या गावी एका कॅथलिक शाळेपुढे अडचण उभी राहिली. दुसरे महायुद्ध चालू होते. शाळेच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला सैन्यात दाखल होण्याचा हुकूम आला आणि त्याच्या जागी दुसरा माणूस मिळेना. शाळा संघच बंद करण्याच्या बेतात होती. तेव्हा संघाचा सोळा वर्षांचा कर्णधार पुढे झाला. संघ बंद करू नका, शिकवण्याचे मी पाहतो, असे त्याने शाळेला सांगितले. शाळेनेही ते मान्य केले.

त्या मुलाचे नाव जॉन गलार्डी. (इंग्रजी स्पेलिंगात मध्ये आणखी एक 'जी' दडलेला असतो, पण उच्चारात तो येत नाही.) १ नोव्हेंबर १९२६ चा त्याचा जन्म, ७ ऑक्टोबर २०१८ रोजी मृत्यू. या आयुष्यातील चौसष्ट हंगाम त्याने कॉलेजच्या संघांना फुटबॉल शिकवण्यात घालवले. ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी हा त्याचा हिशेब. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये इतके सामने दुसऱ्या कोणीही जिंकलेले नाहीत. त्याच्या खालोखाल जो पॅटर्नो ४०९ आणि एडी रॉबिन्सन ४०८. ही दोन्ही नावे अमेरिकेत घरोघरी माहीत आहेत. गलार्डीचे तसे नाही, कारण त्याची सारी हयात लहान कॉलेजांत गेली, जिथे खेळाडूला शिष्यवृत्ती नसते आणि शनिवारचा सामना देशभर टीव्हीवर दिसत नाही.

विक्रम मोठाच आहे. पण मला त्यात फार रस वाटला नाही. रस वाटला तो दुसऱ्याच गोष्टीत. या माणसाने त्या खेळाच्या प्रशिक्षणातले जवळजवळ सगळे 'आवश्यक' मानलेले प्रकार मोडीत काढले. त्यांच्याशिवाय तो साठ वर्षे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, जिंकत राहिला. तरीही निदान पन्नास वर्षे त्याच्या मागे कोणी गेले नाही. असे का व्हावे?

आधी खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉल आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा रग्बीच्या जवळचा. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान, लांबट चेंडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी धडक देऊन जमिनीवर पाडले की तो प्रयत्न संपतो. या पाडण्याला 'टॅकल' म्हणतात. प्रत्येक प्रयत्नामागे आधी ठरवलेला डाव असतो आणि त्यात अकराही जणांना नेमून दिलेले काम असते. म्हणजे हा खेळ एकीकडे धडकांचा आणि दुसरीकडे पाठांतराचा. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतके मृत्यू झाले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावे लागले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याला मुभा मिळाली. पण प्रशिक्षणाची रीत बदलली नाही. ती पलटणीतल्या कवायतीसारखीच राहिली : मैदानाला फेऱ्या, बदकचाल, लोखंडी गाड्यांना खांदा लावून ढकलणे, रोज एकमेकांना धडका, आणि सरावाच्या वेळी पाणी बंद. पाणी प्यायल्याने खेळाडू मऊ पडतो, अशी त्या काळी पक्की समजूत होती.

सोळा वर्षांच्या गलार्डीने पहिल्यांदा काय केले असेल, तर पाणी प्यायला परवानगी दिली. मग फेऱ्या काढून टाकल्या, बदकचाल काढून टाकली. यामागे तत्त्वज्ञान शोधायला जाऊ नये. काल-परवापर्यंत तो स्वतःच त्या फेऱ्या मारत होता. वर्गातल्या पोरांना ज्याचा वैताग येतो, तेवढेच त्याने वगळले. फरक इतकाच, की आपल्यातले बहुतेकजण मोठे झाल्यावर तो वैताग विसरतात आणि पुढच्या पिढीकडून तेच करून घेतात. गलार्डी शहाऐंशी वर्षांचा होईपर्यंत ते विसरला नाही.

ट्रिनिडाड हे कोळसा खाणींचे गाव. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या लडलो येथे एप्रिल १९१४ मध्ये संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर नॅशनल गार्डने गोळीबार केला होता. तंबूंना आग लागली, बायका-मुले मेली. गलार्डीचे वडील इटलीतून आलेले, गावात त्यांचे मोटारींच्या डेंटिंगचे गॅरेज होते. मुलगाही त्याच कामाला लागेल अशी घरची अपेक्षा. पण फुटबॉल शिकवता शिकवता त्याने कोलोरॅडो कॉलेजातून पदवी घेतली आणि १९४९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, मोंटाना राज्यातील हेलेना येथील कॅरोल कॉलेजात प्रशिक्षक झाला. चार वर्षांत चोवीस विजय, सहा पराभव, एक बरोबरी. मग १९५३ मध्ये मिनेसोटातल्या कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स विद्यापीठाने त्याला बोलावले. तिथून तो हललाच नाही.

सेंट जॉन्सची जागा समजून घ्यायला हवी. मिनिआपोलिसच्या वायव्येला, जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांच्या मुलखात, तळी आणि पाइनच्या झाडीत बेनेडिक्टाइन साधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मठ वसवला आणि १८५७ मध्ये त्याला जोडून विद्यालय सुरू केले. वर्गात शिकवणारे अनेकजण साधूच. फुटबॉलचे मैदानही झाडीने वेढलेल्या खोलगट जागेत आहे. या संघाचे आधीचे प्रशिक्षक होते जॉनी 'ब्लड' मॅकनॅली, ग्रीन बे पॅकर्सचे नामांकित खेळाडू. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९६३ साली जे पहिले मानकरी निवडले गेले, त्यांत ते होते. अशा माणसाला तीन वर्षांत इथे फारसे यश आले नव्हते आणि इथे कोणीच जिंकू शकणार नाही, अशा मताने ते गेले. गलार्डीने पहिल्याच हंगामात कॉन्फरन्सच्या विजेतेपदात वाटा मिळवला.

बेनेडिक्टाइन मठाची संयमाची शिकवण आणि गलार्डीची पद्धत यांची सांगड घालण्याचा मोह लिहिणाऱ्यांना नेहमी होतो. मला ती सांगड पटत नाही. तो आपल्या कल्पना कोलोरॅडोहून घेऊन आला होता, मठाने त्याला त्या दिल्या नाहीत. मठाने जे दिले ते वेगळे आणि माझ्या मते जास्त मोलाचे होते. त्याकडे नंतर येतो.

आता ती प्रसिद्ध यादी. 'नाहीं'नी जिंकणे अशा अर्थाचे तिचे नाव होते आणि ती वर्षागणिक लांबत गेली. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. संघातून कोणाला वगळणे नाही, येईल तो खेळाडू. त्यामुळे संघात दीडशेच्या वर मुले असत. प्रशिक्षकांचा मोठा ताफा नाही. डावांची जाडजूड पुस्तके नाहीत, बैठका नाहीत. सक्तीचे वजन उचलणे नाही. कवायत नाही, फेऱ्या नाहीत, ढकलगाड्या नाहीत. नव्या मुलांचे रॅगिंग नाही. सराव दीड तासापेक्षा जास्त नाही, सोमवारी अजिबात नाही. फार ऊन, फार थंडी, पाऊस किंवा डास असतील तर बाहेर सराव नाही. शिट्टी नाही. सरावात टॅकल नाही. संघाला नियम नाहीत, एकच सोडून : दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे वाटते तसे त्याच्याशी वागा. आणि प्रशिक्षकाला 'कोच' म्हणायचे नाही. अठरा वर्षांचा मुलगा ऐंशीच्या म्हाताऱ्याला 'जॉन' अशी हाक मारी. आपल्याकडे तालमीत वस्तादाला कोणी नावाने हाक मारून पाहावी!

एक प्रकार तर थट्टेचाच. व्यायामाच्या नावाखाली मुले गवतावर उताणी झोपत, आकाशाकडे बघत आणि शेजाऱ्याला म्हणत, काय छान दिवस आहे. झाला व्यायाम. दुसऱ्या संघांच्या घाम गाळणाऱ्या कसरतींची ती टिंगल होती, हे उघड आहे.

हे वाचून गलार्डी म्हणजे मवाळ, लाडावणारा माणूस असे वाटेल. तसे मुळीच नव्हते. सरावातला प्रत्येक मिनिट तो डावांवर खर्च करी. चेंडू सुटला की प्रत्येकाचे पहिले पाऊल कुठे पडले, मान कुठे वळली, हे पुनःपुन्हा तपासायचे. पाऊल चुकले तर डाव परत, आणि चुकले तर परत. पूर्ण वेगाने धावायचे, समोरच्याला गाठायचे, धरायचे, पण पाडायचे नाही. कोणी पडतच नसल्याने पुढचा डाव लगेच सुरू होतो. धडकांनंतर उठण्यात, अंग चोळण्यात आणि दुखापतींत इतरांचा जो वेळ जाई, तो इथे उजळणीला मिळे. शनिवारी सामन्याला त्याची मुले ताजी असत आणि त्यांचे डाव तोंडपाठ असत. टॅकल करायला शिकवले नाही तर सामन्यात जमेल कसे, या प्रश्नाला त्याचे उत्तर साधे होते. जो मुलगा इथवर आला त्याला पाडता येतेच. नेमक्या वेळी नेमक्या जागी पोचणे त्याला येत नाही, आणि शिकवायचे ते तेवढेच.

त्याच काळात बाकीचे काय करत होते? १९५४ च्या उन्हाळ्याअखेर, गलार्डीचा सेंट जॉन्समधला दुसरा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, टेक्सस ए अँड एमचे नवे प्रशिक्षक 'बेअर' ब्रायंट यांनी आपला संघ जंक्शन नावाच्या गावी दहा दिवसांच्या शिबिराला नेला. दुष्काळाचे वर्ष, पारा अडतीसच्या वर, जमीन दगडगोट्यांची, आणि सरावात पाणी नाही. निम्म्याहून अधिक मुले पळून गेली. त्या हंगामात संघाने एक सामना जिंकला, नऊ हरले. पण दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, हाच संघ कॉन्फरन्सचा अजिंक्य विजेता ठरला आणि जंक्शनची दंतकथा झाली. तिच्यावर पुस्तक आले, चित्रपट आला. मला हे लक्षणीय वाटते. १९५४ च्या पराभवाचा दोष जंक्शनला कोणी दिला नाही, १९५६ च्या विजयाचे श्रेय मात्र जंक्शनला गेले. १९५३ मध्ये न धडकता, पाणी पिऊन विजेतेपद मिळवणाऱ्या मुलांवर चित्रपट कोण काढणार? त्यात सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते.

सेंट जॉन्सचा संघ मात्र जिंकतच होता. एकूण सत्तावीस वेळा कॉन्फरन्सचे विजेतेपद आणि चार वेळा आपल्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद : १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. यातला १९६३ चा अंतिम सामना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे समोर होता टेक्ससमधला प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हा कृष्णवर्णीय कॉलेजाचा संघ. दक्षिणेतली मोठी विद्यापीठे तेव्हा कृष्णवर्णीय मुलांना संघात घेत नसत, त्यामुळे अव्वल दर्जाचे खेळाडू अशा कॉलेजांत एकवटलेले असत. प्रेअरी व्ह्यूच्या त्या संघात ओटिस टेलर आणि जिम कर्नी होते. पुढे दोघेही कॅन्सस सिटी चीफ्सकडून सुपर बोल जिंकले. सेंट जॉन्सने तो सामना ३३–२७ असा जिंकला. गलार्डीच्या पद्धतीला दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढेच यश येते, हा आक्षेप निदान त्या दिवशी तरी टिकला नाही.

पण आक्षेप पुरता निकाली निघतो असेही मी म्हणणार नाही. सेंट जॉन्स ज्या कॉन्फरन्समध्ये खेळे तिच्यात ताकदीचे संघ मोजकेच होते. शिवाय न वगळण्याच्या धोरणाने दीडशे मुले मिळत, त्यांतून अकरा निवडायचे. ही सोय दर वेळी समोरच्या संघाला नव्हती. यादीचा आणखी एक उपयोग होता : मुले ओढण्याचा. शिष्यवृत्ती देता येत नाही तेव्हा दुसरे काही द्यावे लागते, आणि आपल्या मुलाला इथे कोणी उन्हात तंगडवणार नाही, हे कोणत्या आईला नको असेल? म्हणजे यादी ही पद्धत होती तशी जाहिरातही होती. गलार्डीला ते पक्के ठाऊक होते.

आकड्यांची तुलनाही जपूनच करावी लागते. ८ नोव्हेंबर २००३ रोजी सेंट जॉन्सने बेथेलला २९–२६ असे हरवले आणि गलार्डीने ४०९ वा विजय मिळवून एडी रॉबिन्सन यांना मागे टाकले. तेरा हजारांवर प्रेक्षक त्या झाडीतल्या मैदानात आले होते. रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत लुइझियानातल्या ग्रँबलिंग या लहान कृष्णवर्णीय कॉलेजात काम केले. वंशभेदाच्या कायद्यांत, अपुऱ्या पैशांत, जिथे प्रवासात आपल्या मुलांना जेवण कुठे मिळेल हाही प्रश्न असे. त्यांनी दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलला दिले. ४०९ मोठा की ४०८, हा प्रश्न गणितापुरता ठीक आहे. त्याच हंगामाच्या शेवटी सेंट जॉन्सने अंतिम सामन्यात माउंट युनियनला २४–६ असे हरवले. माउंट युनियन त्याआधी सलग पंचावन्न सामने जिंकत आलेले होते. गलार्डी तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. २००६ मध्ये तो कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या नावाचे पारितोषिक तर १९९३ पासूनच आहे, लहान कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी.

मग कोणी अनुकरण का केले नाही? नेहमीचे उत्तर असे, की मोठ्या कॉलेजांच्या खेळाला ते चालले नसते. चालते की नाही हे कळायला कोणी करून तर पाहायला हवे होते. मला उत्तर दुसरीकडे दिसते. कवायत, ओरडा, शिट्टी, उन्हातल्या फेऱ्या यांचा विजयाशी संबंध किती, हे कोणी मोजलेले नव्हते. पण त्यांचा प्रशिक्षकाच्या नोकरीशी संबंध जवळचा होता. मोठ्या कॉलेजात दोन हंगाम वाईट गेले की प्रशिक्षक घरी जातो. जाताना 'याने पोरांना राबवले नाही' असा ठपका कोणाला परवडेल? राबवून हरला तर नशीब, न राबवता हरला तर गुन्हा. इथे मठाने गलार्डीला काय दिले ते कळते. मठाने त्याला मुदत दिली. देणगीदार माजी विद्यार्थ्यांच्या लहरीवर, तिकीटविक्रीवर त्याची नोकरी टांगलेली नव्हती. कॉलेजव्हिलमध्ये घर, कुटुंब, आणि 'फुटबॉलचा सिद्धांत' नावाचा एक वर्गही तो घेई, ज्यात न खेळणारी मुलेही बसत. शतकांच्या हिशेबाने चालणाऱ्या संस्थेला एखाद्या हंगामाची घाई नसते.

आणि राबवण्याची किंमत कोण मोजत होते? ऑगस्ट २००१ मध्ये मिनेसोटातच, मँकेटो येथे, मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर हा धिप्पाड खेळाडू शिबिरातल्या उन्हाच्या सरावानंतर उष्माघाताने गेला. तो व्यावसायिक होता, त्याच्याभोवती डॉक्टर होते. २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात कोसळला आणि जूनमध्ये वारला. विद्यापीठाने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. हे दोन मृत्यू गलार्डीने १९४३ मध्ये फेऱ्या बंद करून पाणी दिल्यानंतरचे, अठ्ठावन्न आणि पंचाहत्तर वर्षांनंतरचे आहेत.

शेवटची वर्षे त्याला सोपी गेली नाहीत. शेजारच्या सेंट थॉमसने तरुण प्रशिक्षक आणला आणि २०१० ते २०१२ सलग तीन वर्षे कॉन्फरन्स जिंकली. सेंट जॉन्सची धार बोथट झालेली दिसत होती. आधीच थांबायला हवे होते असे म्हणणारे होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शहाऐंशी पूर्ण झाल्यावर, तो निवृत्त झाला.

तोवर बाहेर वारे फिरू लागले होते. २००२ मध्ये पिट्सबर्गचे शवचिकित्सक बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या माजी खेळाडूच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी झालेली हानी शोधली आणि धडकांचा प्रश्न डॉक्टर, वकील आणि विमा कंपन्यांच्या हातात गेला. २०१० मध्ये डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी सरावातून टॅकल काढून टाकले. २०११ च्या करारानुसार व्यावसायिक संघांनाही हंगामात पूर्ण चिलखत घालून चौदाच सराव घेता येऊ लागले. २०१६ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीगच्या आठही कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात टॅकल बंद करण्याच्या बाजूने मत दिले आणि ती बातमी क्रांतिकारक म्हणून छापून आली. गलार्डी तेव्हा हयात होता, एकोणनव्वद वर्षांचा.

डार्टमथमध्ये खेळाडूंनी एकमेकांना पाडायचे नाही म्हटल्यावर पाडायचे कोणाला, हा प्रश्न आला. तिथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारा, पाडला की आपोआप उभा राहणारा पुतळा तयार केला. तो चांगला चालला, व्यावसायिक संघांनीही घेतला. कॉलेजव्हिलच्या मैदानावर धडका मारायला साधा भुसा भरलेला पुतळाही नव्हता. 'नाहीं'च्या यादीत तोही होता.